जागा शोधून देणारा

त्या माणसाबद्दल मला पहिल्या दिवसापासून शंका होती, आणि शंकेचं कारण काही केल्या सांगता येत नव्हतं. तो बोलल्या वेळेला यायचा. चपला दाराबाहेर काढायचा. चहाला आधी नको म्हणायचा, मग कप रिकामा करायचा. शर्टाला कायम इस्त्री, खिशात अडकित्ता, बोलण्यात अदब. तरी तो आमच्या पुढच्या खोलीत बसला की आत माझं शिलाई मशीन आपोआप हळू चालायला लागायचं.

ही नव्वदच्या दशकातली, जालन्यातली गोष्ट. जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे वसाहती आल्या, आणि ज्याच्या घरात थोडंफार शिल्लक पडत होतं तो माणूस जागेच्या गोष्टी करायला लागला होता. यांचं औषधांचं लहानसं दुकान होतं. मी घरीच ब्लाउज शिवायची. दोघांचं मिळून थोडं साठलं होतं. हे म्हणाले, "सोनं घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा जागा घेऊन टाकू." दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं या एजंटाचं नाव सुचवलं आणि दुसऱ्याच दिवशी तो घरी हजर.

त्याचा धंदा म्हणजे जागा शोधून देणं. मला गंमत वाटायची. जागा काय हरवलेली असते शोधायला? एकदा मी तसं बोलून दाखवलं तर तो हसला.

"वैनी, जागा तं सगळ्यांनाच दिसून राह्यली. विकणारा न्हाई दिसत. त्याला हुडकायचं माझं काम."

गिऱ्हाइकानं फक्त सांगायचं, रोडला लागून पाहिजे की आतली चालेल, पाण्याची पाहिजे की कोरडी, घर बांधायला पाहिजे की नुसती घेऊन ठेवायला. मग हा फिरायचा. चहाच्या टपरीवर बसायचा, दाढीच्या दुकानात बसायचा, लग्नाच्या पंगतीत जेवायचा, दहाव्यालाही जायचा. कुणाचा मुलगा नोकरीला लागून शहरात गेला, कुणाचं शेत कोण करतं, कुणाच्या घरात वाटणीचं बोलणं निघालं, सगळी बित्तंबातमी त्याच्याजवळ. मालकाशी भाव बोलायचा, सातबारा काढून आणायचा, गिऱ्हाइकाला जागा दाखवायचा. पटली तर इसार, मग रजिस्ट्री. दोन्हीकडून त्याची टक्केवारी. हे सगळं तो उघड सांगायचा. उघड बोलणाऱ्या माणसाबद्दल शंका घेतली तर लोक शंका घेणाऱ्यालाच हसतात. हेही मला हसायचे. म्हणायचे, "तुला ब्लाउजचं कापड सोडून सगळ्यातच खोट दिसते."

मला खटकायचं ते एकच. हा जागेबद्दल जितकं बोलायचा त्यापेक्षा जास्त आमच्याबद्दल विचारायचा. तुम्ही भाऊ किती? गावाकडचं शेत कोण बघतं? सामाईकच आहे का अजून? आणि हे मोकळ्या मनानं सांगत बसायचे. पिंपळगाव रेणुकाईला थोरले भाऊ शेती करतात, वाटणी कधी केली नाही, करायची गरजच पडली नाही, मला दुकान मोठं करायचंय पण शेताला हात लावावा असं कधी वाटलं नाही. तो मान डोलवत सुपारी कातरायचा. मला वाटायचं, आमची ऐपत चाचपून बघतोय.

एका रविवारी त्यानं आम्हाला शहागडला जागा दाखवायला नेलं. गोदावरीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडी आत, मोसंबीची बाग. रस्ता मोठा होणार अशी बोलवा होती. मीही येणार म्हटल्यावर त्यानं अडकित्ता मिटला.

"वैनी, उन्हाचं कशाला तरास घेता?"

"घेते," मी म्हणाले.

त्यानं जीप ठरवली होती. अंबडच्या स्टँडवर मालक भेटला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, पँट-शर्टातला माणूस. एजंटानं त्याला पुढे आपल्याजवळ बसवलं, आम्हाला मागे. वाटेत चहाला थांबलो तर त्याला घेऊन एका बाकड्यावर बसला आणि आमचा चहा जीपमध्ये पाठवला. यांनी मालकाला विचारलं, "मोटार किती पावरची?" तर उत्तर एजंटानं दिलं. यांनी विचारलं, "पाणी उन्हाळ्यात पुरतं?" पुन्हा एजंटच बोलला, "बिलकुल पुरतं." मालक खिडकीतून बाहेर बघत होता.

माझं माहेर अंबडच्या बाजूचं. मोसंबीच्या बागेत लहानाची मोठी झालेली. बागेत उतरल्यावर मी सरळ मालकाच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तुम्ही बहार कोणता धरता? आंब्या का मृग?"

मोसंबीवाल्याला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यानं एजंटाकडे बघितलं.

"दोन्ही," एजंट म्हणाला.

आंब्याचा फुलोरा थंडी सरताना येतो, मृगाचा पावसाच्या तोंडावर; एकाच झाडावर कुणी दोन्ही बहार धरत नाही. मी यांचा हात धरून बाजूला नेलं. "हा मालक नाही. भाड्यानं आणलेला माणूस आहे. इसार घेऊन दोघं गायब होतील." त्या काळात असल्या गोष्टी कानावर यायच्या. कुणाचीतरी जमीन कुणीतरी दाखवायचं, खोटा मालक उभा करायचा. यांचाही चेहरा उतरला. तेवढ्यात गोठ्याकडून एक कुत्रं धावत आलं आणि नेमकं त्या माणसाच्या अंगावर भुंकायला लागलं. आमच्यावर नाही, त्याच्यावर. तो मागे सरकला, चप्पल हातात घेतली. माझी तर खात्रीच पटली.

कुत्र्याच्या मागून एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात विळा. तिनं आधी आमच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. विळा खाली केला.

"भावजी? तुम्ही कवा आले?"

त्यानं हातातली चप्पल खाली टाकली.

"आन् हे पाव्हणे कोण? सांगून तरी यायचं. हे बाजाराला गेलेत घनसावंगीला."

"असंच," तो म्हणाला. "बाग दाखवायला आणलंय. दोस्त आहेत."

एजंटानं लगेच घाई केली. चला, जल्दी करा, पुढं दुसरी जागा बघायचीय. बाई चहाचा आग्रह करत होती, त्याच्या बायकोची, मुलांची चौकशी करत होती. तो चपलेत पाय सरकवत हो हो म्हणत होता. पाच मिनिटांत आम्ही जीपमध्ये होतो.

म्हणजे माणूस खोटा नव्हता. मालकच होता. फक्त त्याची जमीन त्याला ओळखत नव्हती, आणि त्याच्या भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी मागून मालकाला विचारलं, "भाऊ, तुमच्या भावाला सांगितलंय का?"

एजंट म्हणाला, "वैनी, सातबाऱ्यावर यांचं नाव बराबर आहे. कागद साफ आहे. यांचा हिस्सा हे विकून राह्यले, कुणाच्या बापाची चोरी न्हाई."

"मी यांना विचारतेय."

तो माणूस पहिल्यांदाच मागे वळला. औरंगाबादला कंपनीत होता म्हणाला. "दरवर्षी दिवाळीला एक पोतं मोसंबी येते, ताई. पोत्यावर माझं नाव लिहिलेलं असतं. तेवढीच माझी जमीन. मी कधी हिशेब मागितला न्हाई, त्यानं कधी दिला न्हाई. आता मागायला तोंड न्हाई, आन् त्याला सांगितलं तं तो विकू देणार न्हाई." एवढं बोलून तो पुन्हा समोर बघायला लागला. मला त्याची दयाही आली आणि त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचा रागही.

घरी आल्यावर आमचं वाजलं. यांचं म्हणणं, कागद साफ असेल तर आपल्याला त्यांच्या घरातल्या भानगडीशी काय करायचंय? माझं म्हणणं, जमिनीबरोबर भांडणही विकत मिळतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. ती बाई विळा घेऊन बांधावर उभी राहिली तर तुम्ही कुंपण घालणार आहात का? शेवटी हे म्हणाले, "बरं, बघू." म्हणजे नाही.

एजंटाला आम्ही नको म्हणून कळवलं. तो रागावला नाही. "काही हरकत न्हाई, दुसरी बघू," म्हणाला. त्यानंतरही येत राहिला. एकदा घनसावंगी रोडची जागा घेऊन आला, एकदा गावाला लागून असलेले प्लॉट. मी त्याच्या प्रत्येक जागेमागे एक न सांगितलेला भाऊ शोधायला लागले होते.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. भोकरदनकडून जालन्यात राहायला आलेली एक बाई माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकायची. माप देता देता म्हणाली, "बाई, तुमचं पिंपळगावचं शेत विकून राह्यले म्हणं?"

टेप माझ्या हातातच राहिली. "कोण म्हणालं?"

"माझा भाऊ म्हणत होता. औरंगाबादची पार्टी जीप घेऊन आल्ती. सगळं शेत फिरून पाहून गेली. सोबत एजंट होता जालन्याचा, अडकित्तावाला."

मी तिला काही कळू दिलं नाही. ती गेल्यावर मात्र मशीनवर बसून राहिले. अडकित्तावाला म्हटल्यावर माणूस कोण ते विचारायची गरज नव्हती. प्रश्न हा होता की त्याला पाठवलं कुणी. आणि खरं सांगायचं तर माझी पहिली शंका यांच्यावर गेली. दुकान मोठं करायचं यांच्या डोक्यात होतंच. शेजारचा गाळा रिकामा होणार होता. शहागडला कागद साफ असेल तर भावाला कशाला सांगायचं, असं हेच म्हणाले होते. मी दोन-तीन दिवस नुसती यांच्याकडे बघत होते. जेवताना, दुकानाला निघताना, बनियन वाळत घालताना. कुणाशी फोनवर हळू बोलले की कान टवकारायची. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला त्याच्याकडे मी त्या मोसंबीच्या बागेतल्या माणसाकडे बघावं तशी बघत होते.

शेवटी एका सकाळी विचारलंच.

हे आधी समजलेच नाहीत. समजलं तेव्हा ताट बाजूला सरकवलं. "मी? मी शेत विकायला काढीन? दादाला न विचारता?" मग म्हणाले, "दादाच विकत असतील. तरीच पोळ्याला धड बोलले नाहीत माझ्याशी."

तेही बघा. यांच्या शंकेलाही दिशा शोधायला वेळ लागला नाही.

त्याच आठवड्यात आम्ही भोकरदनची गाडी धरली, पुढे पिंपळगावला जीपनं गेलो. मिरचीचे दिवस होते. दीर आणि जाऊबाई दोघंही शेतात. मिरची तोडून तोडून जाऊबाईंच्या बोटांची आग होत होती. त्या वाटीतल्या ताकात बोटं बुडवून बांधावर बसल्या होत्या. मला बघून नेहमी उठून जवळ घेणाऱ्या जाऊबाई बसल्याच राहिल्या.

"या," एवढंच म्हणाल्या.

दीर यांच्याशी बोलेनात. मलाच म्हणाले, "त्याला इचार, गिऱ्हाईक पाठवायचं तं तोंडानं सांगता येत न्हवतं का?"

"कोणतं गिऱ्हाईक?" हे ओरडलेच. "तुम्ही बोलावलं ना त्याला?"

"मी?" दीर उभे राहिले. "मी बोलावलं? अरे, त्यो म्हणला, धाकट्यानं पाठवलंय. म्हणला, दुकान वाढवायचंय, शेजारचा गाळा घ्यायचाय, पैसा पाहिजे, पण थोरल्यापुढं बोलायला लाजतो. म्हणून मला मधी घातलंय."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे. कारण त्यातलं अर्धं खरं होतं. गाळा खरा होता, दुकान वाढवायची इच्छा खरी होती. आमच्या घरात आमचाच चहा पीत ऐकलेलं ते सगळं त्यानं बरोबर जिथल्या तिथं लावलं होतं. सगळंच खोटं असतं तर दिरांनी त्याला बांधावरून हाकलून दिलं असतं.

"मंग मी म्हणलं, दाखव बाबा," दीर खाली बसत म्हणाले. "धाकट्याची गरज आहे तं आडवं कशाला यायचं. पण तू सोता न्हाई आला, ते लागलं मनाला."

"आन् आम्ही पोळ्यापासून झुरून राह्यलो इथं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. डोळे पुसायला हात उचलला तर मी तो धरला, मिरचीचा हात डोळ्याला लागू नये म्हणून. तेव्हा कुठं त्या थोड्या हसल्या.

मला त्या दिवशी त्याचा सगळा धंदा कळला. आम्ही त्याचे गिऱ्हाईक होतो आणि आम्हीच त्याचा माल होतो. जागा घ्यायला जो येतो त्याच्याही मागे कुठंतरी एक गाव असतं, गावात भाऊ असतो, आणि त्या दोघांत न बोललेलं असं काहीतरी असतंच. तो फक्त ते न बोललेलं शोधत फिरायचा. शहागडची बाग विकणाऱ्या त्या भावाला सुद्धा तो असाच कुठंतरी चहावर भेटला असेल.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा यांनी त्याला दारातच उभं केलं. हे सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. तो शांतपणे ऐकत होता. हे दमल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला,

"वैनी, मी कुणाचं काही लुटलं न्हाई. दोन भावांना इचारलं फकत. इचारायला काय खर्चा येतो?"

"खोटं बोलून विचारलंत," मी म्हणाले.

"थोडं बोललो. पण एक सांगा. दोघं एकमेकांशी बोलत असते तं माझं खोटं एक दिवस तरी टिकलं असतं का?"

त्याच्या तोंडावर दार लावावं असं वाटलं, आणि ते लावलंही. पण त्याचं ते वाक्य दाराच्या आत राहिलं. मी यांच्यावर घेतलेली शंका त्यानं माझ्या मनात घातली नव्हती. ती माझ्याकडे तयारच होती.

शहागडची जागा औरंगाबादच्या कुण्या डॉक्टरांनी घेतली असं नंतर कळलं. रजिस्ट्री झाली, पण ताबा मिळेना. भाऊ कोर्टात गेला. एकदा माहेरी जाताना मी मुद्दाम त्या बाजूला वाकडी वाट करून गेले. बागेच्या मधोमध काटेरी तारेचं अर्धवट कुंपण होतं. तारेच्या एका बाजूची झाडं हिरवी, दुसऱ्या बाजूची वाळून कोळ झालेली. कुणी कुणाला पाणी घेऊ देत नव्हतं. बाई दिसली नाही. मी उतरले नाही.

आमच्याकडे तेवढं काही झालं नाही, पण काहीच झालं नाही असंही नाही. दिरांनी स्वतःहून वाटणी करायचं काढलं. "कागदावर असलेलं बरं," म्हणाले. भोकरदनला जाऊन दोघांनी सह्या केल्या, येताना एका ताटात भजी खाल्ली. भांडण नव्हतं. तरी जाऊबाई त्यानंतर आमच्याबरोबर कुणी अनोळखी माणूस दिसला की आधी विचारायच्या, "हे कोण?" आणि मी उत्तर नीट, सविस्तर द्यायची.

जागा आम्ही घेतली ती बऱ्याच वर्षांनी, दोन हजार साल उलटल्यावर. तोपर्यंत मोबाईल आले होते आणि मोटरसायकलवरून जागा दाखवत फिरणारी पोरं गल्लोगल्ली झाली होती. आम्ही कुणालाच मध्ये घेतलं नाही. माझ्याकडे शिवायला टाकणारी एक म्हातारी विधवा होती. तिच्या घरामागे मोकळं अंगण होतं. त्यातला अर्धा तुकडा विकायचं तिच्या मनात होतं. बोलणं झालं, भाव पटला. पण मी अडून बसले. म्हटलं, तुमची दोन्ही मुलं, सुना, लेक, जावई, सगळी एकत्र बसल्याशिवाय मी इसार देणार नाही.

म्हातारीला राग आला. तरी तिनं सगळ्यांना बोलावलं. एका दुपारी त्यांच्या घरात सतरंजी टाकून सगळे बसले आणि मी एकेकाला विचारत गेले: तुमची हरकत आहे का? मनात काही आहे का? असेल तर आत्ताच बोला. धाकटी सून म्हणाली, "एवढी चौकशी तं माझ्या लग्नाच्या टायमाला झाली न्हवती." सगळे हसले. मी हसले नाही. लेकीच्या तोंडाकडे मी जरा जास्तच वेळ बघितलं. ती म्हणाली, "मावशी, खरंच काही न्हाई."

सगळ्यांचं झाल्यावर म्हातारी मला म्हणाली, "झालं तुझं? आता माझं ऐक. तुझा नवरा काय एकटा जन्मला का? भाऊ आहे ना त्याला? उद्या तो उठून म्हणल, शेताच्या पैशावर घेतली, माझाबी हिस्सा. मग माझ्या दारात तमाशा. त्यालाबी आण."

आता राग यायची पाळी माझी होती. आमच्यावर शंका! पण बोलायला जागा नव्हती.

निरोप पाठवला. दीर रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले, धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. साक्षीदार म्हणून त्यांची सही घ्यायचं ठरलं. कचेरीत गर्दी होती. लिहिणारा बाबू म्हणाला, "काका, इथं करा सही, जल्दी करा, मागं लोक आहेत."

दिरांनी कागद उचलला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, बोट ठेवून, शाळेत वाचावं तसं. बाबू कपाळावर हात मारून बसला. हे दुसरीकडे बघायला लागले. म्हातारी मात्र पदर सावरून लक्ष देऊन ऐकत होती. चतुःसीमेपाशी येऊन दीर थांबले.

"पूर्वेला रस्ता. दक्षिणेला नाली. पश्चिमेला शाळेची भिंत." बोट पुढच्या ओळीवर गेलं. "उत्तरेला कोण आहे?"

"उत्तरेला मी राहते," म्हातारी म्हणाली.

दिरांनी चष्म्यावरून तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"मंग बराबर आहे," म्हणाले, आणि सही केली.